मावशींचा घरचा आरसा

अनसूयामावशी कापडाच्या दुकानात शिरल्या की पिशवीतून आधी आरसा काढायच्या.

दुकानात आरसा नसायचा असं नव्हे. नागपुरात बर्डीवरच्या चांगल्या दुकानांत तेव्हा माणसाएवढे आरसे आले होते आणि दुकानदार गिऱ्हाइकाला मोठ्या प्रेमानं त्यांच्यापुढे उभं करत. मावशी त्या आरशाकडे पाठ करून उभ्या राहत. टॉवेलात गुंडाळलेला आपला आरसा सोडवत, पदरानं पुसत आणि हातात धरून पाहायला सुरुवात करत. तो आरसा होता दाढी करायचा. गोल, तळहातापेक्षा थोडा मोठा, मागे तारेची टेकण. त्यात एका वेळी फार तर एक खांदा मावे. ब्लाउजपीस छातीशी धरून मावशी आधी डावा खांदा पाहत, मग उजवा, मग हात लांब करून कंबर, आणि हे सगळे तुकडे मनातल्या मनात जोडून निकाल देत.

"दुकानातले आरसे कलते ठेवतात वं," त्यांनी मला पहिल्याच खरेदीत समजावलं होतं. "कलत्या आरशात जाडी बाई बारीक दिसते. बारीक दिसली का खूश होते. खूश झाली का घेऊन टाकते. घरी येऊन पाहते तं जशीच्या तशी."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण एकदा दुकानदाराची नजर चुकवून मी अशा एका मोठ्या आरशामागे डोकावून पाहिलं. खालच्या बाजूनं लाकडाचा एक ठोकळा सारलेला होता. तेव्हापासून मीही दुकानातल्या आरशांशी जरा जपूनच वागते.

मी भिवापूरची. घरी मिरचीची शेती. वडिलांना सही करता येत होती, आईला तीही नाही. आमच्या घरातून बी.ए. झालेली मी पहिली, आणि मला वाटायचं की हे सगळ्या जगानं मिळून केलेलं काम आहे. म्हणून मी सगळ्यांचे आभार मानत असे. कंडक्टरचे, पोस्टमनचे, फी माफ करणाऱ्या कारकुनाचे. नागपुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि प्रतापनगरात मावशींच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. प्रतापनगर तेव्हा नुकतं वसत होतं, मधूनमधून मोकळे प्लॉट, त्यांत चरणाऱ्या गाई. पहिल्या दिवशी मावशींनी मला वांग्याची भाजी आणून दिली. मी सवयीप्रमाणे म्हटलं, "मावशी, भाजी फार छान झाली आहे. तुमचे फार उपकार झाले."

मावशींनी दारातच थांबून माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुले काय पाहिजे?"

"काही नाही, मावशी."

"मंग छान काहून म्हणून राहिली?"

हे वाक्य पुढे मी असंख्य वेळा ऐकलं. मावशींबद्दल कोणी बरं बोललं की त्यांचा हाच प्रश्न ठरलेला. शेजारच्या वहिनींनी रांगोळीची तारीफ केली तरी, "तुले काय पाहिजे?" इस्त्रीवाला म्हणाला, "मावशी, या वयात तुमची तब्येत चांगली आहे," तर, "तुले काय पाहिजे, गा?" तो बिचारा इस्त्रीचे कपडे तिथेच ठेवून निघून गेला.

स्तुतीवरच नव्हे, त्यांचा एकूण जगावरच संशय होता. फळवाल्याच्या ढिगातलं सगळ्यात वरचं संत्रं त्या आधी उचलून बाजूला ठेवत, कारण ते दाखवायचं असतं. रेडिओवर पावसाचा अंदाज सांगितला की म्हणत, "छत्रीवाल्यानं सांगाले लावलं असन." दुधाचा गडवा रिकामा झाल्यावर दूधवाल्याला तो उलटा धरायला लावत. मला तर त्यांनी नावच 'बीए' ठेवलं होतं. आधी डिग्री बघायला मागितली होती, उन्हात धरून पाहिली होती, आणि मग परत देताना म्हणाल्या होत्या, "असन खरी. पण तू बोलते तं बीए वाटत नाई. खोटं बोलता येत नाई तुले." हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशींचं माहेर पवनीचं. वैनगंगेच्या काठचं कोष्ट्याचं घर, घरात माग. नवरा नागपूरला गिरणीत होता. माणूस शांत आणि हसतमुख होता असं वहिनी सांगत. तो जाऊन काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मावशी त्याच्याविषयी बोलत नसत आणि मी विचारत नसे.

त्या उन्हाळ्यात, एप्रिल लागला तसं, मावशींचं काहीतरी बिनसलं असा मला संशय आला. आधी त्या नुसत्याच गच्चीवर जाऊन उभ्या राहू लागल्या. मग एक दिवस माझ्या दारात आल्या.

"बीए, तुले पोहता येते का?"

"नाही, मावशी. आमच्याकडे विहिरी होत्या, पण मुलींना कोणी उतरू देत नसे."

"बरं झालं. मले पोहणारी नको. काठावर बसणारी पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं की डॉक्टरनं त्यांना गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं आहे. शहरात पोहण्याची एक टाकी होती आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तिथे सकाळी काही वेळ फक्त बायकांसाठी ठेवला होता.

"मग जाऊ या ना," मी म्हटलं.

"जाणार आहो. पण डॉक्टर काहून सांगून राहिला ते पायलं पाहिजे. त्याचा साळा तिथं तिकिटं फाडत असन."

माझा संशय वेगळा होता. गुडघा दुखत असल्याची एकही खूण मला दिसली नव्हती. कुरोड्या वाळत घालायला मावशी उन्हं चढायच्या आत भरली परात डोक्यावर घेऊन गच्चीवर चढत आणि उतरताना मधली एक पायरी गाळत. अशा बाईला गुडघ्यासाठी पाण्यात का उतरायचं होतं? मी त्यांना विचारलं नाही. पण लक्ष ठेवायला लागले.

आम्ही टाकीवर गेलो. शिकवणाऱ्या बाई गळ्यात शिटी घालून उभ्या होत्या, आखूड केस, रुंद खांदे. मावशींनी टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला, एक थेंब जिभेला लावला, तोंड वाकडं केलं आणि लुगड्याचा काष्टा खोचायला घेतला.

"मावशी, साडीत उतरता येणार नाही," शिटीवाल्या बाई म्हणाल्या. "पायात अडकते. इथं कॉस्च्युम लागतो."

"लुगड्यात मी पवनीची नदी पार केली आहे."

"ती नदी होती, मावशी."

"हाव ना. नदीत बुडता येते. हे तं टाकं आहे."

बाई हसल्या, पण नियम तो नियम. शिवाय जून लागला की शाळा सुरू होणार आणि बायकांची वेळही बंद होणार, हेही त्यांनी सांगितलं. आता मावशी भांडतील, नियम कोणाच्या फायद्याचा आहे ते विचारतील आणि आपण घरी जाऊ, अशी माझी खात्री होती. मावशी टाकीच्या पलीकडच्या टोकाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. कसा राहते तो कपडा?"

इतक्या सहज मानलं, तेव्हाच मला कळलं की गोष्ट गुडघ्याची नाही.

माझा पुस्तकांवर फार विश्वास. कुठलंही काम आलं की आधी त्यावर कोणी काय लिहिलं आहे ते पाहायचं. आमच्या शाळेच्या वाचनालयात कोणीतरी दान दिलेली बायकांची जुनी विलायती मासिकं होती. त्यांतल्या एकात मला नेमका लेख सापडला. आपल्या अंगकाठीला शोभेल असा पोहण्याचा पोशाख कसा निवडावा. चित्रांसकट. मी ते मासिक पिशवीत घालून घरी आणलं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून मावशींना मराठीत सांगू लागले.

"यात म्हटलंय की आधी आपली अंगकाठी ओळखा. काही बायका नासपतीसारख्या असतात. वर निमुळत्या, खाली रुंद. काही सफरचंदासारख्या, मध्ये भरलेल्या."

"संत्रं?"

"संत्रं नाही दिलं."

"मंग हे पुस्तक आपल्याकडचं नोहे." मावशी चिंचा फोडत होत्या. "तू कोणती?"

मी शोधलं. "मी बहुतेक पट्टीसारखी. सरळ."

"पट्टी कशाची. पऱ्हाटी आहे तू. कापूस वेचल्यानंतरची. जेवत जा."

मी पुढे वाचलं. कंबरेखाली भारी असेल तर खाली गडद रंग, वर फिका. मांड्या जाड असतील तर झालर असलेला. उंची कमी असेल तर उभ्या पट्ट्या. भडक रंग टाळावेत. मुख्य म्हणजे, पाहणाऱ्याचं लक्ष चांगल्या भागाकडे वळवावं.

"म्हणजे हातचलाखी," मावशी म्हणाल्या. "अन् पाहणारं कोण? तिथं तं सगळ्या बायाच राहतात." मग चिंच फोडता फोडता हात थांबला. "लांबून पाहणाऱ्याचं काही लिहिलं आहे का त्याच्यात?"

"किती लांबून?"

"ह्या काठावरून त्या काठाएवढं."

मी पुन्हा पूर्ण लेख चाळला. तसं काही नव्हतं.

"मंग कामाचं नाई," म्हणून मावशींनी चिंचोके गोळा केले आणि आत गेल्या.

मी बराच वेळ ओट्यावर बसून विचार केला. त्या काठावर कोण असणार होतं? पन्नाशीच्या विधवा बाईला लांबून कोण पाहणार होतं? मला मावशींबद्दल वाईट विचार करायचा नव्हता. पण मनात संशय यायला लागला की तो येतोच. मावशींच्या घरात राहून मला तो चांगलाच लागला होता.

रविवारी आम्ही सदरच्या बाजारात गेलो. खेळाच्या सामानाच्या एका दुकानात असे कॉस्च्युम मिळतात असं शिटीवाल्या बाईंनी सांगितलं होतं. समोर बॅटी, कॅरम, फुटबॉल. आणि बायकांचे कॉस्च्युम वरच्या फळीवर खोक्यात. दुकानाचे मालक गोरेपान, गोड बोलणारे. त्यांनी एक पिवळा, फुलाफुलांचा कॉस्च्युम काउंटरवर पसरला.

"बहनजी, ये तो आप पे बहुत जँचेगा."

"तुमाले काय पाहिजे?" मावशी म्हणाल्या.

"जी, बस आपकी सेवा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. सेवा हा शब्द त्यांना पुरेसा पुरावा होता.

त्यांनी कापड दोन्ही हातांनी ताणलं, नखानं वीण खरवडली, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. मागाशेजारी वाढलेली बाई, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. मग म्हणाल्या, "एक बादली पाणी आणा."

मालकांना वाटलं, बहनजींना चक्कर येते आहे. त्यांनी घाईघाईनं पेल्यात थंड पाणी आणलं.

"प्याले नाई. कापड भिजवाले. हे पाण्यात घालाचं आहे ना? मंग कोरडं पाहून काय समजन?"

मालक नाही म्हणू शकले नाहीत, कारण यात चूक काय आहे ते त्यांना सापडेना. बादली आली. मावशींनी पिवळा कॉस्च्युम बुडवला, पिळला आणि दोन्ही हातांनी उभा धरला. कापडापलीकडचा फुटबॉल मला स्पष्ट दिसत होता.

"पाहा. कोरडा होता तोवर पिवळा होता. आता आहे का नाई तेच समजून नाई राहिलं."

मालकांनीही वाकून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी खरी होती. पिवळ्यांचा सगळा खोका त्यांनी परत वर ठेवला.

मग उभ्या पट्ट्यांचा आला. मी मासिकातलं आठवून म्हटलं, "मावशी, हा उंच दाखवतो."

"वाघाच्या आंगावर पट्टे राहतात. तो काय बारीक दिसते का?" त्यांनी तो माझ्या हातातल्या पिशवीवर ताणून बसवला. सरळ पट्ट्या फुगवट्यावरून वळत बाजूला गेल्या. "पाह्य. पिशवीवर उभ्या नाई राहत, माझ्या आंगावर राहतीन?"

शेवटी दोन उरले. एक काळा, एक लाल. दोन्ही जाड विणीचे, रुंद पट्ट्यांचे, खाली झालर असलेले, भिजल्यावरही इमानी. मागच्या गोदामात, मी पडदा धरून उभी असताना, मावशींनी दोन्ही घालून पाहिले. आतून त्यांचा पुटपुटण्याचा आवाज येत होता. "खांदा बरोबर. हा बी बरोबर. कंबर... हं." आरसा तुकड्यातुकड्यानं खाली चालला होता.

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "काला लीजिए बहनजी. काला सबको सूट करता है." मीही मासिकाच्या बाजूनं बोलले. "मावशी, काळ्यात माणूस सडपातळ दिसतो."

"लांबून पाहावं लागन," मावशी म्हणाल्या. "बीए, तू रस्त्याच्या पलीकडे जा."

मी आभार मानणारी मुलगी होते, नाही म्हणणारी नव्हे. म्हणून सदरच्या भर रस्त्यावर, सायकलरिक्षांच्या गर्दीतून वाट काढत मी पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि साडीवरून काळा कॉस्च्युम गळ्याशी धरून उभी राहिले. मावशी दुकानाच्या पायरीवरून डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या.

"जरा वळ," त्या ओरडल्या. "आता लाल धर. हात वर कर. पोहल्यासारखं कर."

मी एका हातानं कॉस्च्युम धरून दुसऱ्या हातानं हवेत पाणी कापलं. त्याच वेळी आमच्या शाळेच्या समितीवरचे एक गृहस्थ स्कूटरवरून चालले होते. ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॉस्च्युमकडे पाहिलं, समोर ओरडणाऱ्या बाईंकडे पाहिलं.

"काय बाई, खरेदी?"

"हो, सर."

"उन्हाळा फार आहे यंदा," ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते शाळेत कधी भेटले की उन्हाळ्याविषयीच बोलत, मग महिना कुठलाही असो.

मावशींनी लाल घेतला. फिकट, शालीन लाल नव्हे. आमच्या भिवापुरी मिरचीचा, वाळून चकाकी धरलेला लाल. मासिकाच्या, मालकाच्या आणि माझ्या, तिघांच्याही मताविरुद्ध. आणि एका विधवा बाईनं. घरी येताना मी धीर करून विचारलं, "लालच का, मावशी?"

"काळा लांबून दिसत नाई," त्या म्हणाल्या.

रंग उतरतो का हे पाहायला त्यांनी तो घरी दोनदा भिजवला आणि मागच्या दोरीवर, जुन्या लुगड्याच्या आत लपवून वाळत घातला. वाऱ्यानं लुगडं उडालं. शेजारच्या वहिनी कुंपणाशीच होत्या.

"अनसूयाबाई, हे काय वं लाल लाल?"

"शिलाई मशीनचं कव्हर."

वहिनींनी त्याला असलेल्या दोन पट्ट्यांकडे पाहिलं. संध्याकाळी मला गाठून हळूच म्हणाल्या, "पोरी, तुझ्या मावशीकडे मशीनच नाई आहे. लक्ष ठेव." मी सांगितलं, मी ठेवूनच आहे.

मग तो दिवस आला. सकाळी आम्ही टाकीवर पोचलो तेव्हा पाण्यात बायका होत्या, बहुतेक कॉलेजच्या मुली, आणि कडेला शिटीवाल्या बाई. कपडे बदलायच्या खोलीत एक बाक आणि भिंतीला खिळे. मावशी आडोशाला जाऊन कॉस्च्युम घालून आल्या, वरून जुनं लुगडं घट्ट गुंडाळून. मग बाकावर बसल्या आणि उठेचनात.

मला वाटलं, भीती वाटते आहे. मी म्हटलं, "मावशी, आज नाही तर उद्या येऊ."

त्यांनी पिशवीतून आरसा काढला. नेहमीसारखा खांदा पाहिला नाही. नुसता मांडीवर ठेवून त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"आमचे हे ह्याच्यात पाहून दाढी करत," त्या म्हणाल्या. "मी मागून गेली का तोंडाले साबण असताना म्हणत, छान दिसून राहिली. मी म्हणो, तुमाले काय पाहिजे? ते हसत. काही मागत नसत. रोजचं होतं."

बाहेर मुलींचा पाण्यातला आवाज येत होता.

"पवनीले आम्ही पोरी सूत धुवाले नदीवर जावो. धुऊन झालं का मी त्या काठापर्यंत पोहून येवो. एक दिवस हे त्या काठावर उभे होते म्हणे. गावात दुसरीच पोरगी पाहाले आले होते. मले पाण्यात पायलं, अन् थे सोडून मले मागणी घातली. जन्मभर सांगत, लाल लुगड्यात तू पाण्यात जशी दिसली तशी बाई मी पायली नाई. मले वाटे, हा माणूस काही तरी झाकून राहिला. हुंडा भेटला नाई, त्याचं मनाले लागलं असन, म्हणून गोड बोलून राहिला. पाण्यात आपलं आपल्याले दिसत नाई ना वं. खरं कोणाच्या भरवशावर मानावं?"

"तुमचं खरं मानते, असं तुम्ही त्यांना कधी म्हटलं नाहीत?"

"शेवटी दवाखान्यात बी म्हणाले ते. छान दिसून राहिली. रात्र रात्र जागली होती मी, केस असे. अन् मी बी तेच इच्चारलं." मावशींनी आरसा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "काय पाहिजे, म्हणून."

गुडघा, डॉक्टर, रस्त्यापलीकडचा फुटपाथ, लाल रंग, हे सगळं मला एकदम समजलं. त्या काठावर कोणी नव्हतं. मावशींना तिथे, नवऱ्याच्या जागी, मला उभं करायचं होतं.

"तू त्या टोकाले जाऊन बस," त्या उठत म्हणाल्या. आरसा माझ्या हातात दिला. "तुले खोटं बोलता येत नाई म्हणून आणलं आहे. जे दिसन ते सांग. थोराड म्हैस दिसली तं म्हैस सांग."

मी पलीकडच्या टोकाला पायरीवर जाऊन बसले. मावशी टाकीच्या त्या काठावर आल्या. लुगडं सोडून घडी केली, कडेला ठेवलं. कॉलेजच्या मुली वळून पाहू लागल्या, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. मावशींचं पोट, दंड, मांड्या सगळं जसंच्या तसं होतं. कॉस्च्युमनं काही लपवलं नव्हतं आणि कुठलंही लक्ष कुठेही वळवलं नव्हतं. शिटीवाल्या बाईंनी सांगितलं, "मावशी, तिकडे खोल आहे," आणि शिटी ओठांशी नेली.

मावशी पाण्यात गेल्या तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग त्या वर आल्या आणि हात टाकू लागल्या. त्या मुली शिकत होत्या तसं ते पोहणं नव्हतं, पाणी मारत नव्हत्या त्या. एक खांदा पुढे करून, मान उंच ठेवून, वाहत्या पाण्याला थोडी जागा देत देत यावं तशा आल्या. टाकीत प्रवाह नव्हता, तरी त्या जरा तिरप्याच येत होत्या, नदी ओलांडताना येतात तशा. नासपती, सफरचंद, संत्रं, यांतलं काही पाण्यात उरलं नव्हतं. लाल रंग तेवढा सरळ माझ्याकडे येत होता. शिटीवाल्या बाईंनी शिटी खाली घेतली होती. मुली बाजूला झाल्या होत्या.

माझ्या पायाशी येऊन त्यांनी काठ धरला. श्वास लागला होता. केसांतून पाणी गळत होतं.

"सांग."

मला आभाराचे शब्द नेहमी तयार असत. ते मी बाजूला ठेवले.

"छान दिसत होतात, मावशी," मी म्हटलं. "फार छान."

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. माझ्या डिग्रीकडे पाहिलं होतं तशा. माझ्या मागे कुठे लाकडाचा ठोकळा सारला आहे का, ते त्या शोधत होत्या. मी त्यांच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहिली. ओठ हललेही.

प्रश्न आला नाही. त्यांनी ओला हात पुढे केला, मी आरसा दिला. काच ओली झाली म्हणून त्यांनी माझ्या पदरानं पुसली, चेहऱ्यासमोर धरली आणि घरातल्या बायका आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक देतात तशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का? ही पोट्टी बी तेच म्हणून राहिली."

मग आरसा परत माझ्या हातात ठेवला.

"पालथा नको ठेवू. तोंड पाण्याकडे ठेव."

पायानं भिंत मागे लोटून त्या परत निघाल्या. मी तारेची टेकण उघडून आरसा पायरीवर उभा केला, पाण्याकडे तोंड करून. थोड्या वेळानं मान वाकडी करून त्यात डोकावले. जवळून ज्यात एक खांदा कसाबसा मावायचा, त्या एवढ्याशा काचेत मावशी आता लांबून अख्ख्या मावल्या होत्या.